दर दोन तासांनी दोन मिली

माझा मुलगा २९व्या आठवड्यात जन्मला तेव्हा त्याचे वजन १,१०० ग्रॅम होते, आणि जळगावातल्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या जिवाला दर दोन तासांनी जेमतेम दोन मिली दूध नळीने दिले जात असे. ‘पोऱ्या उपाशी शे ना, माय,’ असे म्हणत सासूबाई डोळे पुसत. उरलेले पोषण त्याला शिरेतून मिळते आहे, हे त्यांना पटवून देताना माझाच धीर सुटत असे.

त्याला दूध किती मिळते, याचीच आम्हाला काळजी होती. डॉक्टरांचा आग्रह मात्र दूध कोणते, यावर होता. १,५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे आतडे इतके कोवळे असते की त्याच्या अस्तराला सूज येऊन काही भाग मृत होण्याचा धोका असतो. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. त्यापासून आईचे दूध पूर्ण संरक्षण देत नसले तरी धोका निश्चित कमी करते. ते अपुरे पडल्यास दुसऱ्या मातांचे पाश्चराइज केलेले दूध द्यावे, कारण त्याच्या तुलनेत पावडरच्या दुधावर हा आजार जवळजवळ दुपटीने आढळतो. अशी आशियातली पहिली दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. आमच्या रुग्णालयात ती सोय नव्हती. त्यामुळे नणंदबाईंनी मायेने आणलेला पावडरचा डबा तसाच बाजूला ठेवून मी रात्रीसुद्धा उठून, दिवसातून आठ वेळा दूध काढू लागले. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी पिवळसर चिकाचे चार थेंब जमले, तेही सिस्टरांनी सिरिंजमध्ये ओढून घेतले. मे महिन्याच्या उन्हात माझे यजमान ते दूध बर्फाच्या डब्यातून पोहोचवत.

नवव्या दिवशी त्याचे पोट फुगले. हिरवी उलटी किंवा शौचात रक्त दिसले नव्हते, तरीही दूध तत्काळ थांबवून एक्स-रे काढला गेला. त्या रात्रीही मी ठरल्या वेळी दूध काढत राहिले, कारण ते थांबवले असते तर पुढे त्याला द्यायला काही उरले नसते. एक्स-रेत आजाराची खूण आढळली नाही आणि दोन दिवसांनी दूध पुन्हा सुरू झाले.

चौतिसाव्या आठवड्यात तो गिळू लागला, तेव्हा सासूबाईंनी घरचे चांदीचे बोंडले उकळून आणले आणि सिस्टरांच्या देखरेखीखाली माझे दूध त्याला स्वतः पाजले.