मधल्या पदाची फोड

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही एक आठवण. १९९१ साली मी इथे नववीत होतो. बीजगणिताच्या तासाला सर फळ्यावर क्ष² − २क्ष − ३५ लिहायचे आणि खडू न उचलता पुढे (क्ष − ७)(क्ष + ५) लिहून मोकळे व्हायचे. आमच्या दारव्हा तालुक्यात गणितात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं मी आजही म्हणेन. त्यांना उत्तर नुसतं दिसायचं. ते ७ आणि ५ आले कुठून, हे मला कळत नसे. विचारायची हिंमतही नव्हती.

माझ्या बाकावर आदल्या वर्षी नववीत नापास झालेला एक दादा बसायचा. कापूस वेचणीचे दिवस होते. त्याच्या घरी ओसरीत कापसाचा ढीग, वर पिवळा बल्ब. गुणाकार शेवटच्या पदाइतका आणि बेरीज मधल्या पदाइतकी येईल असे दोन आकडे शोधायचे होते. त्यानं पाटीवर ३५ च्या जोड्या मांडल्या: १ आणि ३५, ५ आणि ७. "शेवटी मायनस असला की मोठ्या आकड्याले मधल्याची खूण दे." तरी मी +७ आणि −५ लिहिलं. त्यानं माझं मनगट धरलं. "थांब. मागच्या साली मी बी इथंच चुकत होतो."

त्या एका वाक्यानं माझी भीती गेली. सर तिथे कधी अडखळले असतील तर तीस वर्षांपूर्वी. दादाची ठेच ताजी होती, म्हणून माझा पाय कुठे अडणार ते त्याला आधीच ठाऊक होतं.

पण त्याच दादानं मला 'मायनस मायनस प्लस' असंही सरसकट पढवलं. मग क्ष² − १२क्ष + ३५ आलं. −७ आणि −५ ची बेरीज मी +१२ करून बसलो, तोही तेच करून बसला. सरांनी दोघांना फळ्याजवळ बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "सावकाराचे ७ रुपये देणं, दुकानदाराचे ५ देणं. मिळून काय झालं?" १२ रुपये देणं. बेरजेचा नियम वेगळा, गुणाकाराचा वेगळा, हे तेव्हा डोक्यात शिरलं ते आजवर. हे दादाच्यानं झालं नसतं. त्या दिवसापासून सर आम्हाला एकमेकांना शिकवू द्यायचे आणि स्वतः मागच्या बाकावर बसून ऐकायचे.

पुढे डी.एड.ला रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की वाचला: मुलाला एकट्याला जे जमत नाही, ते थोड्या पुढच्या सोबत्याच्या मदतीनं जमतं. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याची गोष्टही वाचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत शिक्षक वाळूत अक्षरं गिरवून घ्यायला तयार होईनात, तेव्हा त्यानं ते काम आठ वर्षांच्या एका मुलाकडे दिलं, आणि लहानगी शिकली. वाचताना मला आमची ओसरी दिसत होती.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ज्या पोरीला काल हातच्याची वजाबाकी उमगली, तिलाच आज न उमगलेल्याशेजारी बसवतो आणि मागे उभा राहून ऐकतो.

दादा दहावीनंतर शेतीत गेला. मागच्या महिन्यात दारव्ह्याच्या बाजारात भेटला, तेव्हा त्याला ही गोष्ट आठवण करून दिली. म्हणाला, "अबे, मले ते त्याच आठवड्यात समजलं होतं. तुले सांगता सांगता पक्कं झालं." सुवर्णमहोत्सवाला तो येणार आहे. संयोजकांना माझी विनंती आहे, सरांच्या शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ठेवावी.