पंप गेला नव्हता: ब्रेकरचा फ्लो आणि प्रेशर तपासून घेतला तेव्हा

पोकलेनचा ब्रेकर (तेलाच्या जोरावर दगड फोडणारा हातोडा) नीट मारत नाही म्हटलं की मुंबईत निकाल ठरलेला असतो: तेल ढकलणारा पंप गेला. चेंबूरला एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम चालू होतं. जोत्याखाली काळा पाषाण लागला आणि माझ्या २० टनी मशीनचा ब्रेकर दुपारनंतर ढेपाळायला लागला. सकाळी बरा चालायचा, तेल तापलं की ठोके मंदावायचे. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, छिन्नी दगडाला नुसती खाजवतेय." एका मेकॅनिकने प्रेशरचा गेज लावून २०० बार दाखवले आणि तरीही पंप उघडायचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मी म्हटलं, आधी मोजू, मग उघडू.

नुसत्या गेजवरून पंपाचा न्याय करता येत नाही. प्रेशर तयार होतं ते अडथळ्यामुळे. लाईन बंद केली तर झिजलेला पंपसुद्धा काटा वर नेतो. ब्रेकर किती भराभर मारणार हे फ्लोवर, म्हणजे मिनिटाला किती लिटर तेल येतं यावर ठरतं. म्हणून ब्रेकर ज्या प्रेशरला चालतो, त्याच प्रेशरला किती लिटर येतात ते बघायचं. आमच्या ब्रेकरच्या प्लेटवर १२० ते १५० लिटर आणि १६० ते १८० बार असं होतं. (साईटवर सगळे 'केजी'त, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर किती किलो, असं बोलतात. १ बार म्हणजे १.०२ केजी, तेवढा फरक सोडून दिला तरी चालतो.)

टेस्टिंगवाले काका फ्लो मीटर घेऊन आले. इंजिन बंद करून, लाईनमधलं प्रेशर सोडून त्यांनी ब्रेकरचे दोन्ही होज (तेलाचे रबरी पाईप) काढले आणि मधे मीटर जोडला. मीटरवर तेलाच्या दिशेचा बाण असतो, आणि लोड देणारा व्हॉल्व्ह सुरुवातीला पूर्ण उघडा लागतो. तो बंद असताना कोणी पॅडल दाबलं तर आतली सुरक्षेची चकती फुटते. जोडावर तेल पाझरताना दिसलं तसा आमचा हेल्पर हात लावायला धावला, तर काका ओरडलेच. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत घुसते. गळती बघायची तर पुठ्ठा धरून.

तेल ५० अंशांवर येईपर्यंत त्यांनी एकही आकडा लिहिला नाही. मला घाई होती, पण पुढचं सगळं त्यातच होतं. ब्रेकर मोड, कामाचा आरपीएम, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा: १४६ लिटर. मग व्हॉल्व्ह हळूहळू आवळत १८० बारला नेलं: १३७ लिटर. "पंपाला काही झालेलं नाही," काका म्हणाले. मी म्हटलं, ३०० बारला बघा की. तर म्हणाले, "अहो, प्रेशर फार वाढलं की इंजिन दबू नये म्हणून हा पंप आपणहून फ्लो कमी करतो. तिथे मोजाल तर चांगला पंपही आजारी दिसेल." जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्हही २०० च्या आसपास उघडत होता, म्हणजे तोही ठीक.

खटकली ती वेगळीच गोष्ट. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, कुठे काही अडवलेलं नाही, तरी काटा ४२ बारवर. तिथे जेमतेम काही बार दिसायला हवे होते. म्हणजे परतीच्या लाईनमध्ये तेल अडकत होतं. बार गुणिले लिटर भागिले ६०० केलं की किलोवॅट मिळतात. १४६ लिटर, ४२ बार, म्हणजे १० किलोवॅट नुसते तेल तापवण्यात जात होते. शिवाय परतीला दाब असला की ब्रेकरचा पिस्टन मोकळेपणाने हलत नाही आणि सीलही लवकर जातात.

मग शोधाशोध. बूमवरचा, म्हणजे मशीनच्या मोठ्या हातावरचा, बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. फिल्टरच्या अलीकडे गेज लावला: ५ बार. बूमच्या सांध्यावरच्या होजच्या आधी लावला: ३८. होज बाहेरून नव्यासारखा, ना फुगवटा, ना चीर. कापला तेव्हा आतलं रबर एका बाजूने सालीसारखं सुटून वाटेत आडवं आलेलं. गरम तेलात ते आणखी मऊ पडत असणार, म्हणूनच सकाळी ब्रेकर बरा आणि दुपारी मेलेला.

नागदेवी स्ट्रीटवरून त्याच मापाचा होज फिटिंग दाबून आणला. पुन्हा गरम तेलावर मोजलं तर उघड्या व्हॉल्व्हला ७ बार. हे सगळे आकडे, तेलाच्या तापमानासकट, एका कार्डावर लिहून केबिनमध्ये लावलेत.

आता याच मशीनला क्रशर लावायचाय. त्याला जबडा उघडायला आणि मिटायला दोन्ही बाजूंनी तेल लागतं. काकांचा मीटर एकाच दिशेचा, त्यामुळे होज आलटून पालटून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागतील.