तुम्ही विचारलंत म्हणून: ओळख नसलेल्या प्रथिनाची अँटिबॉडी

"जे प्रथिन काय करतं हेच ठाऊक नाही, त्याची अँटिबॉडी आणता कुठून?" रत्नागिरीला घरी गेले की कुणी ना कुणी हे विचारतंच. गेल्या मे महिन्यात शेजारच्या वहिनींनी आंब्याची पेटी भरता भरता विचारलं. वहिनी, अगदी मुद्द्याचं विचारलंत. (अँटिबॉडी म्हणजे नेमकं एकच प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन; तिच्यामुळे हवं ते प्रथिन कुठे आहे ते कळतं.)

काम ठाऊक नसलं तरी प्रथिनाची अक्षरं, म्हणजे ते ज्या अमिनो आम्लांनी बनतं त्यांचा क्रम, जनुकावरून ठाऊक असतात. भाताचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, २००५ साली वाचून झाला, पण त्यातल्या कितीतरी जनुकांपुढे अजून 'कार्य अज्ञात' एवढंच लिहिलेलं आहे. माझं प्रथिन त्यांतलंच. खार जमिनीतल्या भातात ते काय करतं, हे मला शोधायचंय.

त्याच्यातला पंधराएक अमिनो आम्लांचा, इतरत्र न सापडणारा तुकडा निवडून बनवून घ्यायचा. अँटिबॉडी सशाच्या शरीरात बनवून घेतात, पण एवढ्याशा तुकड्याला ते जुमानत नाही, म्हणून तो एका थोरल्या प्रथिनाला जोडतात. हे थोरलं प्रथिन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या, आपल्या शंख-गोगलगायींच्या जातकुळीतल्या एका प्राण्याच्या निळ्या रक्तातलं! मग सशाला टोचायचं, पुन्हा टोचायचं, आणि काही आठवड्यांनी त्याच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळी काढायची.

खरी कसोटी पुढे. पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचं. भाताचं पान त्या मानाने गुणी. तिवराचं कुटलं होतं, तर केळफूल चिरताना बोटं काळी पडतात तसा अर्क बघता बघता काळवंडला. शिवाय हिरव्या पानात रुबिस्को हे एकच प्रथिन इतकं असतं, की जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) त्याच्या आसपासचं काही धड दिसत नाही.

माझ्या पहिल्या ब्लॉटवर, म्हणजे जेलमधली प्रथिनं पडद्यावर उतरवून त्यावर अँटिबॉडी लावली तेव्हा, हव्या त्या जागी सुरेख बँड (पट्टा) आला. त्याच संध्याकाळी आईला फोन केला. मग ते जनुक मोडलेल्या, म्हणजे हे प्रथिन बनतच नाही अशा रोपाचा अर्क चालवला, तर तिथेही तोच बँड. अँटिबॉडी भलत्यालाच धरत होती. आठ महिने गेले. खूप रडले.

दुसरा तुकडा, दुसरा ससा. या खेपेला साध्या रोपाच्या लेनमध्ये (त्याच्या अर्काच्या रांगेत) बँड आणि मोडलेल्याच्या लेनमध्ये काही नाही. ती कोरी जागा मी कितीतरी वेळ बघत बसले होते. मिठाचं पाणी दिलं की बँड मुळांत गडद होतो, पानांत नाही. आता मुळांचे पातळ काप घेऊन नेमक्या कुठल्या पेशींत ते बघतेय.