२^६४ + १ : विभाजक सापडला, क = १०७१

मागच्या नोंदीच्या वेळी मी २५६क + १ या रूपाचे विभाजक तपासत क = १२०० ओलांडून पुढे गेलो होतो आणि हाताला काहीच लागलं नव्हतं. विभाजक मागेच राहिला होता, हे आता कळलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, ही फर्मा संख्या आहे (२ चा घात अधिक १, आणि घातांक स्वतः २ चा घात). तिचे अवयव फ्रेंच गणिती लांद्री यांनी १८८० मध्येच पाडले आहेत. मला ते न बघता, कागदावर पाडायचे होते. तिचा प्रत्येक मूळ विभाजक २५६क + १ अशा रूपाचाच असतो. क ला ३ नं भागून २ उरले किंवा ५ नं भागून ४ उरले, की तो क बाद. क = १ आणि क = २५६ तपासायचेही नाहीत, कारण २५७ आणि ६५५३७ या स्वतःच फर्मा संख्या आहेत आणि कोणत्याही दोन फर्मा संख्या सहमूळ असतात, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नसतो.

उरलेल्यांसाठी रीत सोपी आहे: ६५५३६, म्हणजे २^१६, ला २५६क + १ नं भागून बाकी काढा, तिचा वर्ग करून बाकी (ही २^३२ ची), पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी (ही २^६४ ची). ७६९ साठी १७१, मग १९, मग ३६१. शेवटी ७६८, म्हणजे उणे १, यायला हवं होतं. आलं नाही, पुढे चला.

१०७१ च्या पानावर, म्हणजे २७४१७७ साठी, २^३२ ची बाकी २५८७६८ होती. वहीत उतरवताना मी २५८६७८ लिहिलं. प्रत्येक ओळीला मी नवाचा ताळा घेतो, म्हणजे अंकांच्या बेरजेला नऊनं भागून उरणारी बाकी जुळते का ते बघतो, आणि तो इथंही जुळला! अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, त्यामुळे नऊला ही चूक दिसतच नाही. अकराचा ताळा एकाआड एक अंक वजा करतो, म्हणून त्याला दिसते: खऱ्या बाकीला ४, माझ्या आकड्याला २. सगळी पानं अकरानं पुन्हा तपासायला बसलो तेव्हा ती ओळ सापडली. हाताने आकडेमोड करणाऱ्यांनी दोन्ही ताळे घ्यावेत, एवढं मी आग्रहानं सांगेन.

२५८७६८ म्हणजे, २७४१७७ वजा केले की, उणे १५४०९. त्याचा वर्ग २३७४३७२८१. आणि २७४१७७ × ८६६ = २३७४३७२८२. एकच कमी! ती वजाबाकी मी तीनदा केली.

भागाकार ६७२८०४२१३१०७२१ आला, म्हणजे त्याचा क २६२८१४१४५७४५. एक सुंदर पडताळा इथं मिळतो: दोन्ही क ची बेरीज २५६ नं पूर्ण भागली जायलाच हवी. ती भागली जाते, भागाकार १०२६६१७७६१. हाच आकडा दोन्ही क च्या गुणाकारात मिळवला की नेमकं २^४८ येतं, २८१४७४९७६७१०६५६.

आता हा मोठा अवयव मूळ आहे का, ते बघायचं. त्याचे मूळ विभाजकही त्याच रूपाचे, म्हणून आधी केलेलं काम वाया जात नाही. वर्गमुळापर्यंत जायचं तर क सुमारे ३२ हजारांपर्यंत. क = १०७१ पुन्हा एकदा तपासला, २७४१७७ नं हा मोठा अवयव भागला जात नाही. वहीची नवी पानं आखून झाली आहेत, या वेळी ताळ्यासाठी दोन रकाने.