ऑइल भरलं तरी पिवळा दिवा जाईना

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी उतरलो आणि मीटरवर पिवळा दिवा लागला. तो अल्लादीनच्या दिव्यासारखा असतो ना तोच, पण खाली नागमोडी रेघ. बायको म्हणे थांबव आधी गाडी. मी म्हटलं अगं लाल नाहीये. लाल म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं, तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंदच करायचं, पुढच्या पंपापर्यंत नेतो असली हुशारी करायची नाही, बेअरिंग कोरडी पडली की इंजिन खोलायची वेळ येते. पिवळा म्हणजे लेव्हल कमी झालीय, बघून घे.

सुरूर फाट्याजवळ पंपावर सपाट जागा बघून गाडी लावली, चहा प्यायलो (तेवढ्यात ऑइल वरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात उतरतं, लगेच बघितलं तर कमीच दिसणार) आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी काढली. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल बरोबर खालच्या खुणेवर. म्हणजे दिवा खरं बोलत होता. सर्व्हिसिंगनंतर सात हजार किलोमीटर झालेले, थोडं प्यायली असणार. पंपावर आमच्या ग्रेडचं ५डब्ल्यू-३० मिळालं, एक लिटर ओतलं, काडीवर वरच्या खुणेला टेकलं. गाडी चालू केली. दिवा आहे तसाच.

म्हटलं जाईल थोडं चालवल्यावर. साताऱ्यापर्यंत गेला नाही.

तिथे मेव्हणा. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं. "भाऊजी, अजून अर्धा लिटर टाका, काडीवर काय विश्वास ठेवता" असं म्हणून मी नको नको म्हणेपर्यंत ओतलं पण. आता ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, दिवा तरीही चालूच, आणि मला नवीन टेन्शन, कारण जास्त ऑइल झालं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) त्यात फिरून फेस करतो आणि फेसाने धड वंगण होत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाऊन चेंबरचा नट सैल करून ते अर्धा लिटर परत काढावं लागलं. मेव्हणा त्या दिवशी फारसा बोलला नाही.

पुण्यात आल्यावर आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, खालून नजर टाकली आणि निकाल दिला, "साहेब, सेन्सर गेला." बिघाड वाचायचा स्कॅनर लावलाच नाही. सेन्सर चेंबरला खालून असतो म्हणजे ऑइल काढा, सेन्सर बदला, नवीन ऑइल भरा, सगळं मिळून साडेसात हजार. मी म्हटलं सांगतो उद्या.

रात्री डॅशबोर्डमधून गाडीचं पुस्तक काढलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यात एका ओळीत होतं की ऑइल कमीचा इशारा आला की बोनेट उघडल्याची नोंद होईपर्यंत तो राहतो. बरोबरच आहे म्हणा, बोनेट न उघडता कोणी ऑइल भरणार कसं, गाडीचा हिशोब सरळ आहे. पण मी तर बोनेट चारदा उघडलं होतं!

तसाच खाली पार्किंगमध्ये गेलो, बोनेट उघडं ठेवलं, चावी फिरवली आणि मीटरकडे बघत बसलो. एरवी तिथे बोनेट उघडं असल्याचं चित्र येतं. आलं नाही. गाडीच्या मते बोनेट बंदच होतं.

मग मोबाईलच्या टॉर्चने बोनेटच्या लॉकपाशी बघितलं. लॉकमध्ये छोटा स्विच असतो, त्याच्या कपलरपासून (वायर जोडायच्या पिनपासून) चार बोटांवर वायर कुरतडलेली, तांबं चमकतंय आणि खाली बॅटरीच्या ट्रेवर काळ्या लेंड्या. उंदीर! आमच्या सोसायटीत पाऊस सुरू झाला की ते गरम इंजिनवर येऊन बसतात, गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या गाडीची वॉशरची नळी खाल्ली होती.

सकाळी कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने वायर जोडली, वर टेप गुंडाळली, दोनशे रुपये घेतले. बोनेट उघडलं, चित्र आलं. बंद केलं, चित्र गेलं, आणि नंतर गाडी चालू केली तर पिवळा दिवा पण नाही.

आता लॉकच्या बाजूला डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधून ठेवलीय. एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो.