मागच्याला ब्रेक आहे

परवा दुपारी गाडी धुवायला नेली होती. फेस पुसत पुसत मागच्या काचेपाशी आलेल्या मुलाने तिथला लाल ‘एल’ नखाने थोडा खरवडून पाहिला आणि विचारले, “काकू, लायसन आलं असेल की आता. काढून टाकू का हे?” लायसन येऊन बराच काळ लोटला आहे, हे त्याला न सांगता मी “राहू दे, बाळा” एवढेच म्हणाले. घरातही त्या अक्षरावरून माझी थट्टा होते. पदवी मिळाल्यावर कोणी गळ्यात पाटी-दप्तर अडकवून फिरत नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे. त्यांचे बरोबरच आहे; पण मागून हॉर्न कधी वाजतो, किती वेळ वाजतो आणि कोणत्या सुरात वाजतो, याचा विचार विशीत गाडी शिकलेल्या माणसाने कधी केलेलाच नसतो. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकले.

या अक्षराची सरकारने फार बारकाईने काळजी घेतली आहे. ते पांढऱ्यावर लाल असावे, पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस असावी, अक्षराची उंची 10, जाडी 2 आणि तळाची रुंदी 9 सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, असे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोजूनमापून लिहिलेले आहे. ते गाडीच्या पुढेही लावायचे आणि मागेही. मागच्या गाडीवाल्याने ते वाचून काय करायचे, हे मात्र त्या नियमात नाही, आणि शिकणाऱ्याचा जीव खरा तिथेच टांगलेला असतो.

गाडी शिकण्यापूर्वी मला वाटत असे, की आपल्याला भीती वाटेल ती कोणाला तरी धडकण्याची. तशी ती वाटतेही. पण ती समजूतदार भीती असते, तिच्यामुळे माणूस सावकाश जातो आणि काम भागते. दुसरी भीती मागे बसलेली असते. आपली गाडी भररस्त्यात बंद पडेल, मागे रांग लागेल, रिक्षावाला मान बाहेर काढून बघेल आणि त्या रांगेत ओळखीचे कोणीतरी असेल, अशी ती भीती. तिला अपघाताची भीती म्हणता येत नाही, ती चारचौघांतल्या लाजेची असते. आणि लाज टाळण्यासाठी माणूस जी घाई करतो, तिच्यानेच गाडी पुन्हा बंद पडते.

त्यात आमचे सातारा हे चढाचे गाव. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन आहेत, पण नाव खालचा असले म्हणून त्याला चढ नाही असे कोणी समजू नये. राजवाड्याच्या पुढे समर्थ मंदिराकडे वळले, की नवशिक्याच्या पिंडऱ्या आपोआप ताठ होतात. सपाट गावात शिकणाऱ्याला अर्ध्या क्लचचे महत्त्व महिनाभराने कळत असेल; इथे ते पहिल्या सिग्नललाच कळते. थांबलेल्या गाडीचे इंजिन मिनिटाला आठशे-हजार फेऱ्या घेत असते आणि चाके मात्र जागच्या जागी उभी असतात. या दोघांची गाठ घालून देणे हे क्लचच्या चकतीचे काम. डावा पाय हळूहळू वर येताना एका ठिकाणी चकती घासू लागते, इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते, अंगात बारीक थरथर येते. तिथे पाय धरून ठेवायचा, हँडब्रेक सोडायचा आणि उजव्या पायाने थोडे रेस द्यायचे. लिहायला तीन ओळी पुरतात. प्रत्यक्षात ती थरथर येईपर्यंत मागच्याचा हॉर्न येतो आणि पाय सुटतो.

आमच्या क्लासचे सर फारसे बोलत नसत. नियमाप्रमाणे हे शिक्षण किमान एकवीस दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास असावेत. एवढ्या मुदतीत ते मोजून तीन-चार वाक्ये उच्चारत, आणि त्यातले “ताई, पाय उचला, उडवू नका” हे पुन्हा पुन्हा. एकदा राजवाड्याच्या वरच्या अंगाला गाडी बंद पडली, मागे एक टेम्पो आणि त्याच्या मागे बरेच काही. मी आरशात बघत होते आणि किल्ली फिरवायचे सोडून सगळे करत होते. सरांनी शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, मागच्याला ब्रेक आहे. त्याला हॉर्न असतो तसा ब्रेकपण असतो. तुम्ही तुमचं बघा.” वाहनशास्त्रावर यापेक्षा मोलाचे वाक्य माझ्या कानांवर पडलेले नाही.

त्या वेळी मला एकदम केळघरचा घाट आठवला. लहानपणी मे महिन्यात आम्ही मामाकडे महाबळेश्वरला जायचो ते मेढ्यावरून, एसटीने. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मिळावी म्हणून मी आईचा हात सोडून आधी चढत असे. तिथून ड्रायव्हरची खांद्यावरची नॅपकिन दिसे, काचेला बांधलेले लिंबू-मिरची दिसे, आणि मुख्य म्हणजे तो लांब, थरथरणारा गिअरचा दांडा दिसे. घाट सुरू झाला की दांड्याची थरथर वाढे. ड्रायव्हर क्लच दोनदा दाबून तो दांडा असा काही खाली ओढी, की जणू गाडीच्या पोटातून काही उपटून काढायचे आहे. एका वळणावर वरून दुसरी एसटी आली. घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम कायद्याच्या पुस्तकात आहे हे मला फार पुढे कळले. तिथे तर दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हात करून, खिडकीतून कोणाच्या तरी बदलीबद्दल बोलत निवांत थांबले होते. आमच्या मागे एक जीप होती आणि जीपवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आमच्या ड्रायव्हरने गप्पा संपवल्या, नॅपकिनने मान पुसली, नॅपकिन घडी करून पुन्हा खांद्यावर टाकली आणि मग गिअर टाकला. भरलेली गाडी त्या चढावर इंचभरही मागे न येता वर निघाली. शेजारच्या बाईच्या मांडीवरचे लसणाचे सुपडेसुद्धा हलले नाही. तेव्हा मला गंमत वाटली होती ती लिंबू-मिरचीची. मान पुसण्यातली विद्या ओळखायला बरीच वर्षे जावी लागली.

हॉर्नबद्दल माझे मत एकूणच वाईट आहे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात 2015 साली बंदी झाली, तेव्हा मला वाटले होते की आता काही तरी फरक पडेल. फरक एवढाच पडला, की पूर्वी लोक विनंतीला मान देऊन वाजवत, आता विनंतीशिवाय वाजवतात. शिवाय चालवणारी बाई आहे असे दिसले, की हॉर्नच्या आधी एक प्रकारची सहानुभूती हवेत पसरते, तीही मला नको असते. पुढच्याने दिवे लुकलुकवले तर जगात इतरत्र काय अर्थ होत असेल तो असो. आपल्याकडे डिपर मारला याचा अर्थ मी येतोय, तू थांब. कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटात वर जाताना हा अर्थ दर वळणाला पाठ करून घेतला जातो.

क्लास संपल्यावर घरच्या गाडीवर सराव सुरू झाला, आणि तिथे एक नवीनच गोष्ट लक्षात आली. क्लासच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात, त्यामुळे इतके दिवस जो धीर मी माझा समजत होते, तो किती माझा आणि किती सरांच्या पायांचा, हे सांगणे कठीण होते. घरच्या गाडीत डाव्या बाजूला यजमान होते. त्यांच्याही पायाशी ब्रेक असल्याप्रमाणे ते दर गतिरोधकापूर्वी तळवा दाबत; पायाखालच्या रबरी चटईला त्या जागी अजून खळगा आहे. “अगं, ब्रेक!” हे ते अशा वेळी म्हणत, की ब्रेक दाबून झालेला असे. शेवटी मी त्यांना मागच्या सीटवर बसायला सांगितले. मागचा तर मागचा, असा विचार त्यामागे होता. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर आम्ही दोघे असे फिरत असू, मी पुढे आणि ते मागे वर्तमानपत्र घेऊन, आणि बघणाऱ्यांना ते कोणी मोठे अधिकारी वाटत असावेत.

आत्मविश्वास नेमका कोणत्या दिवशी आला, हे मला सांगता येत नाही. तो पायांत आधी आला असावा आणि डोक्याला नंतर कळवले गेले. सुरुवातीला मला बॉनेटच्या पुढचा दहा-पंधरा फुटांचा डांबराचा तुकडाच दिसे, आणि आरसे दिसत ते फक्त मागे कोण चिडले आहे हे पाहण्यासाठी. मग कधी तरी समर्थ मंदिराच्या चढावर गर्दीत थांबलेली असताना मी एका दुकानाची पाटी वाचली, तिथल्या दोन अक्षरांची वेलांटी चुकली आहे असे मनाशी म्हणाले, आणि रांग सरकली तशी गाडीही सरकली. पायांनी ते परस्पर उरकले होते, मला विचारलेही नव्हते. मागे हॉर्न वाजत होता का? वाजत असणारच. तो राजवाड्याचा भाग आहे.

तरी काचेवरचा ‘एल’ मी काढत नाही. त्याने हॉर्न कमी होतात असे मुळीच नाही. उलट काही जण ते अक्षर पाहून जास्तच जोराने वाजवतात, जणू शिकवणीत त्यांचाही हातभार लागावा. पण काही जण अंतर ठेवतात. चढावर थांबलेल्या गाडीच्या मागे चार हात जागा सोडणारा माणूस दिसला, की मी आरशात त्याचा चेहरा नीट पाहून घेते. बहुतेकदा तो वयस्क असतो, किंवा ट्रक चालवणारा. मोठ्या, ओझ्याच्या गाड्या चालवणाऱ्यांना चढावर गाडी मागे येते हे ठाऊक असते.

पुण्याचा भाचा म्हणतो, “मावशी, ऑटोमॅटिक घे, हे सगळं विसर.” 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर क्लचचे पेडल नसलेला स्वस्त गिअरबॉक्स आला आणि त्यानंतर बघता बघता निम्म्या नात्यागोत्याचे डावे पाय रिकामे झाले. भाच्याची गाडी मी त्याच्या आग्रहाखातर चालवून पाहिली. त्याच्या गाडीत तशी सोय असल्याने चढावर ब्रेक सोडला तरी ती क्षणभर आपली आपण धरून ठेवते. गाडी चांगली आहे, मला तिच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. फक्त डाव्या पायाचे करायचे काय, ते शेवटपर्यंत सुचले नाही.

उलट घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी लावणे मात्र मला येत नाही आणि आता येईल असेही वाटत नाही. मंडईत जायचे असले की मी गाडी पार लांब, मोकळी जागा दिसेल तिथे लावते आणि पिशव्या घेऊन चालत जाते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलेच आहे, ते त्यातच धरायचे असे मी परस्पर ठरवून टाकले आहे.