रेड क्लोव्हर: पिकवणं सोपं, वाळवणं अवघड

रेड क्लोव्हर (गुलाबी फुलांचं रोप, फुलं वाळवून चहा करतात) लावायला फार अक्कल लागत नाही हे आधीच सांगते. बी मोहरीसारखं बारीक, वर जेमतेम अर्धा-एक सेंमी माती भुरभुरायची, खोल गाडलंत तर गेलं, ओल टिकवली की आठवडाभरात उगवतं. युरिया वगैरे देऊच नका. मेथी, लसूणघास यांच्या भावकीतलं झाड हे, मुळांवरच्या गाठींमधले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन देतात आणि आपण वरून नायट्रोजन ओतला तर त्या गाठी धड धरतच नाहीत. पहिल्या वर्षी फुलं बेताची, खरा बहर दुसऱ्या वर्षी.

तर माझी फजिती. पहिला मोठा बहर आला, हावरटासारखी टोपलीभर फुलं खुडली, दोन दिवस सावलीत कागदावर पसरली, हाताला कुरकुरीत लागली म्हणून बरणीत भरली. आठ दिवसांनी झाकण उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास! एक फूल फोडलं, आतून तपकिरी आणि बुडाशी पांढरी बुरशी. अख्खी बरणी कंपोस्टमध्ये.

कारण साधं आहे, आपण ज्याला फूल म्हणतो तो बारीक बारीक फुलांचा गेंद असतो (एकेक पाकळीनळी उपटून पांढरं टोक चोखा, गोड लागतं) आणि बाहेरच्या पाकळ्या वाळल्या तरी मधला दांडा ओलाच राहतो. आता मी दव उडाल्यावर, नुकतीच उमललेली, खालून तपकिरी न झालेली तेवढीच खुडते, लगतची एक-दोन पानं असली तरी चालतं. चाळणीवर एका थरात पसरते, ऊन अजिबात नाही, रोज हलवते. आणि भरण्याआधी दोन-चार फुलं मधून मोडून बघते, दांडा कट्कन तुटला तरच बरणी. रंग गुलाबी राहायला हवा, भुरकट पडला की समजायचं वाळायला वेळ लागला.

चहा म्हणाल तर कपाला दोन चमचे फुलं, वरून उकळतं पाणी, झाकून 10-15 मिनिटं. चव गवताची, किंचित गोडसर, मला आवडते, घरात बाकी कुणाला नाही.

औषध म्हणून मात्र जरा दमानं. यात फॉर्मोनोनेटिन, बायोकॅनिन-ए असे आयसोफ्लेव्होन नावाचे घटक असतात, ते शरीरात इस्ट्रोजेनसारखं (बायकांच्या हार्मोनसारखं) थोडंफार काम करतात, म्हणून पाळी जाताना अंगातून वाफा येतात त्यावर बायका घेतात. अभ्यासांचे निकाल मात्र मिश्र आहेत, काहींत फरक दिसला काहींत नाही, आणि ‘रक्त शुद्ध करतं’ वगैरे जे सांगतात त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर घेऊच नका, आधी डॉक्टरांना विचारा.

यंदा निम्मी फुलं झाडावरच ठेवली, लांब जिभेच्या भुंग्यांसाठी, साध्या मधमाशीची जीभ त्या नळीच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. बरणी अजून गुलाबी आहे. रोज झाकण उघडून वास घेते.